भाऊसाहेबांची बारनिशी

जव्हार-मोखाड्याकडे बदलीचा हुकूम निघालेला कारकून प्रथम हुकुमाकडे, मग नकाशाकडे आणि शेवटी आपल्या पत्रिकेतल्या शनीकडे पाहतो. जिथे रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात धुके असे की समोरून येणारा मनुष्य वरिष्ठ की कनिष्ठ हे नमस्कार करून झाल्याखेरीज उमगत नाही, अशा मुलखात तीन वर्षांच्या मुदतीने, एक वळकटी व मच्छरदाणी घेऊन, आपल्या निरपराधपणाची ग्वाही एस.टी.च्या वाहकालाही देत जो रुजू झाला आणि ती मुदत सरून कित्येक वर्षे लोटली तरी जो अद्याप हललेला नाही, तो अव्वल कारकून म्हणजे आमचे भाऊसाहेब. (नाव सांगण्यात अर्थ नाही, इकडे लेखणी धरणारा प्रत्येक जण भाऊसाहेबच असतो.)

जव्हारहून मोखाड्यास व मोखाड्याहून जव्हारास ते दोनदा गेले-आले. परंतु त्यांची आवडती बदली १ ऑगस्ट २०१४ ची, ज्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. "ठाण्यात निजलो नि पालघरात उठलो," ते सांगतात, "ना वळकटी बांधली, ना प्रवासभत्त्याचे बिल नामंजूर झाले."

कचेरीची आवक-जावक सांभाळता सांभाळता हाताला जी खोड जडली, तिच्यापायी त्यांनी घरीही एक लाल रेघांची बारनिशी घातली असून, सरकारी लखोट्याला जो मान, तोच मान तीत ते दिवसाकाठच्या क्षुल्लक सुखांना देतात. ज्येष्ठातली एक नोंद: 'आवक: पहिला पाऊस. जावक: वीज.' दुसरी: 'शेवळे, जुड्या दोन, काकडांसह प्राप्त. घशास खाज नाही. दप्तरी दाखल.' (काकडांवाचून शेवळे शिजवले की घशाचा पंचनामा होतो, हे जाणत्यांस सांगावयास नको.) सनसेट पॉइंटवर सूर्य ढगाआडच बुडाला, तेव्हा शेरा पडला: 'पक्षकार गैरहजर. पुढील तारीख उद्या.' सुरतेच्या वाटेवर १६६४ साली शिवाजी महाराज जिथे थांबले, त्या शिरपामाळावर बसून त्यांनी नम्रपणे लिहिले आहे की, महाराजांचा मुक्काम अल्प, आमचा प्रदीर्घ.

मोखाड्याच्या बोहाड्याची नोंद तर अस्सल हजेरीपत्रकच आहे. संबळ वाजू लागला, गणपती हजर झाला, एकेक सोंग मशालींच्या उजेडात नाचत पुढे आले. आणि रावणाचा मुखवटा चढवून ज्याने रात्रभर त्रैलोक्य हादरवले, तो त्यांच्याच कचेरीतला शिपाई दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा उगवला, तेव्हा विलंबाच्या कारणाच्या रकान्यात भाऊसाहेबांनी गंभीरपणे लिहिले: 'दहा तोंडे धुण्यास लागलेला वेळ.'

वैशाखात दोन-दोन हंडे डोईवर घेऊन चढण चढणाऱ्या बायांची रांग, जिची छायाचित्रे शहरचे पाहुणे मोठ्या हौसेने टिपतात, ती मात्र या वहीत ना आवकेत आढळते, ना जावकेत. तिच्यासाठी शेवटची पाने राखलेली असून त्यांवर 'प्रलंबित' एवढाच मथळा आहे. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईच्या नळाला पोहोचते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, या नोंदीपुढे कोणतीही कोटी नाही. शेरा लिहावयाची जागाही त्यांनी कोरीच सोडली आहे.

कल्याणास असलेल्या वहिनींना हा वनवास मंजूर नाही. "मुकण्यांचे संस्थान इथे सहाशे वर्षे नांदले, १९४८ साली विलीन झाले, मला अजून पंधरासुद्धा भरली नाहीत," हा युक्तिवाद घरच्या न्यायासनापुढे टिकत नसल्यामुळे भाऊसाहेब दर वर्षी मुदतीच्या आत, वळणदार अक्षरात, विनंती बदलीचा अर्ज करतात. दुसऱ्याच्या अर्जावर न लावलेले तिकीट दहा हातांवरून हेरणारा हा मनुष्य!

यंदाचाही अर्ज परत आला. वैद्यकीय दाखला जोडावयाचा राहून गेला होता.