उपरण्याखालचा भाव

पतसंस्थेत दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासण्यात माझी हयात चालली आहे. त्यामुळे हिशेबात घरचे मला मानतात, असा आपला माझा समज.

लासुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवर होस्टन गाय व्याली. चीक दिला, आणि तिसऱ्या दिवशी बसली ती कॅल्शियम चढवूनही उठली नाही. मागं राहिली काळीपांढरी कालवड. आता ही ठेवायची की विकायची?

गोऱ्हा असता तर खुळ्यासारखं बघत बसायची वेळ आली असती. होस्टनच्या गोऱ्ह्याला शर्यतीत कोण धरत नाही, औताला ट्रॅक्टर आलाय, आणि २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी. कालवडच व्हावी म्हणून लोक जादा पैसे मोजून सॉर्टेड सीमेनची कांडी भरतात. आम्हाला ती साध्या कांडीतच लाभली होती.

तरीही मी कागद घेतला. वासराला रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं दूध लागतं. वजन तीस किलो, म्हणजे दूध तीन लिटर. दर पस्तीस धरला तर दिवसाला १०५ रुपये, तीन महिन्यांचे ९,४५०. पुढं गोळी पेंड, मुरघास, जंताचं औषध. एवढं करून ती व्यायला अडीच वर्षं! जामीनदार नसलेल्या अशा प्रकरणाला मी ऑफिसात हात लावला नसता. शेरा मारला : नामंजूर.

दरम्यान आईची कंबर धरली आणि कालवडीला बादलीतून प्यायला शिकवणं माझ्याकडं आलं. दोन बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात द्यायची, ती चोखू लागली की हात हळूच बादलीत न्यायचा. जीभ खरखरीत, टाळू गरम, आणि ओढ अशी की माझी अंगठी निघाली. (बादलीच्या तळाशी सापडली.) बाईसाहेबांना दुधापेक्षा बोटंच प्यारी. मला बघितलं की शेपटी वर! ऑफिसात मला बघून कुणाला एवढा आनंद झालेला आठवत नाही. पण नामंजूर म्हणजे नामंजूर.

बारामतीच्या बाजारात आमचे कर्जदार भेटणार, आणि वसुलीचे सायेब वासरू विकतात ही बातमी माळेगावपर्यंत जाणार. म्हणून शनिवारचा काष्टीचा बाजार धरला. छोटा हत्ती सांगितला. निघताना आईनं दुधाची बादली पुढं केली, ती मी अडवली. दुपारपर्यंत जी परक्याची होणार, तिच्यावर दीड लिटर कशाला घालवायचं?

काष्टीत एका व्यापाऱ्यानं कालवडीचं दावं बघितलं, माझा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. भाव तोंडानं नाही, बोटांनी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेहरा मात्र जाणत्याचा ठेवला. त्यानं पंजा दाबला. पाच हजार! मी मान हलवली. लगेच एक बोट आवळलं गेलं, मग दोन. मी गप्प राहून ताणून धरलं. आता तर चारही बोटं गच्च. भाव कुठं जाऊन पोचला याचा मी मनात गुणाकार करतोय, तोच बोटं ओली लागली.

उपाशी कालवडीनं उपरण्याखाली तोंड घातलं होतं आणि ती आम्हा दोघांचीही बोटं एकदमच ओढत होती.

"मला वाटलं तुमीच उतरताय," व्यापारी हात पुसत म्हणाला. "आवं सायेब, बाजारात आणायची तर पोटाला घालून तरी आणायची. पोट बघा हिचं, पाठीला लागलंय. पाचाच्या वर न्हाई."

"हजार?"

"शेकडा."

कालवड पुन्हा छोट्या हत्तीत चढली. पाटस येईपर्यंत ती माझी बाही चघळत होती.

वस्तीवर आईनं बादली पुढं ठेवली. कालवडीनं कुणाच्या बोटांची वाट न बघता त्यात थेट तोंड घातलं आणि तळ गाठला. बायकोनं दुधाची वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

"अहो, गाडीभाड्याचे पंचवीसशे कालवडीच्या नावावर टाकू, का तुमच्या?"