सातवा ऋतू

विद्यापीठाच्या छोट्या संग्रहालयात प्रदर्शनं ऋतूप्रमाणे भरतात, असं माहितीपत्रक सांगतं. वसंतात निसर्गचित्रं, पावसाळ्यात मेघ आणि मोर. खरा ऋतू मात्र सातवा, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची समिती येण्याचा. त्या आठवड्यात सगळीकडे रंग फुलतात, म्हणजे भिंतींचे.

चित्रं आलटूनपालटून लावण्यामागे शास्त्र आहे, हे खरं. कागदावरचा जलरंग उजेडाने फिकटतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून त्याला साधारण 50 लक्सच प्रकाश द्यायचा आणि मग अंधारात लांबलचक विश्रांती. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहातली संग्राहक हेन्री व्हॉनकडून 1900 साली आलेली इंग्रज चित्रकार टर्नरची जलरंगचित्रं दरवर्षी फक्त जानेवारीत दाखवतात. व्हॉनची अटच तशी होती; जानेवारीत तिथे उजेड जेमतेम.

आपल्याकडे हा नियम कुलगुरूंचं आगमन होईपर्यंत कसोशीने पाळतात. मग समई पेटते, फ्लॅश उडतात आणि मान्यवर चित्रांकडे पाठ करून फोटोला उभे राहतात. (मागच्या मोराला तेवढीच सावली.) चित्रांचं खरं जतन सुरू होतं ते दुसऱ्या दिवसापासून: दिवे बंद, दाराला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपाईमामांच्या खिशात.