बाथरूमच्या भिंतीला बोर्ड मारणे : परदेशस्थ जावयांसाठी मार्गदर्शिका

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास घर घेतलेल्या मराठी माणसाला आज ना उद्या एक शोध लागतो. जिच्यासाठी तीस वर्षांचे कर्ज काढले ती भिंत नसून लाकडी उभ्यांवर ठोकलेला जिप्समचा तक्ता आहे, आणि तोही कागदात गुंडाळलेला. हा शोध बहुधा टबाच्या नळाजवळची टाइल अंगठ्याने दाबताना लागतो. टाइल आत जाते. अशा वेळी घाबरून न जाता पुढील मार्गदर्शन वाचावे.

साहित्य : अर्धा इंच जाडीचे, तीन बाय पाच फुटांचे सिमेंट बोर्ड, सिमेंट बोर्डाचेच, न गंजणारे सव्वा इंची स्क्रू, जाळीची टेप, थिनसेटची गोणी, ड्रिल, लेव्हल, मास्क आणि एक सासरे. सासरे सहा महिन्यांसाठी आलेले आणि शक्यतो बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असावेत. पाटबंधारे खात्यातले मिळाले तर सोन्याहून पिवळे. पाणी कुठून येते याविषयी त्यांची मते पक्की असतात. बाकीचे सामान नारिंगी एप्रनवाल्या दुकानात मिळते.

जुनी टाइल आणि तिच्यामागचा लगदा काढला की आतला सांगाडा दिसतो. दर सोळा इंचांवर एक स्टड, मधे पोकळी. सासरे स्टडवर बोटाच्या पेराने ठोकून म्हणतील, "मिलिंदराव, हे घर आहे की खोकं?" "इथे असंच असतं, अप्पा," एवढेच म्हणावे. मग नऊ इंची विटेची भिंत, तिचे प्लास्टर, कोबा आणि १९८४ साली सातारा रोडला बांधलेले व अजून एक थेंब न गळलेले क्वार्टर, हा सगळा विषय चहा संपेपर्यंत चालू द्यावा. वाद घालू नये. त्यांचे म्हणणे खरे आहे. फक्त या सांगाड्याला विटेचा भार सोसणार नाही.

काढलेल्या बोर्डाचा कागद हिरवट निघाला तर आधीच्या मालकाला शिव्या देऊ नयेत. हा हिरवा बोर्ड ओलीला चालतो अशी एके काळी सर्वांचीच समजूत होती. निवासी बांधकाम संहितेच्या २००६ च्या आवृत्तीने शॉवरच्या टाइलमागून त्याची हकालपट्टी केली. त्याआधीच्या भिंतींना हे कुणी कळवलेले नसते.

कापायला करवत घेऊ नये. कार्बाइडच्या टोकाच्या सुरीने, पट्टी धरून, एकाच रेषेवर तीन-चार खोल ओरखडे काढावेत, मागून गुडघा लावावा आणि मोडावे. कडकन आवाज येतो आणि दिवसभरात प्रथमच आपल्याला काहीतरी येते असे वाटते. विजेच्या करवतीने सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि उठत नाही. म्हणून काम अंगणात आणि मास्क लावूनच करावे. सासरे मास्क लावणार नाहीत. "उभी हयात सिमेंटात गेली, काही झालं नाही," असे म्हणताना ते दोनदा खोकतील. त्यांच्या मुलीला हाक मारावी. तिच्या एका "बाबा!"सरशी मास्क चढतो.

बोर्ड मारण्याआधी उघड्या सांगाड्याचे, मोजपट्टी शेजारी धरून, फोटो काढावेत. पाण्याची नळी कोणत्या दोन स्टडच्या मधून गेली आहे हे नंतर आठवत नाही. ड्रिलला मात्र अचूक सापडते.

इथला नेहमीचा टब पाच फूट लांब आणि बोर्डही पाच फूट. असा योग पत्रिकेतही जुळत नाही. म्हणून मधली भिंत आधी घ्यावी, बोर्ड आडवा लावावा. तो पंधरा-वीस किलोंचा भरतो, तेव्हा सासऱ्यांनी टेकू द्यायचा आणि जावयाने स्क्रू मारायचे. उलट वाटणी केल्यास रात्री जेवताना त्याची वाच्यता होते. स्क्रू दर आठ इंचांवर, प्रत्येक स्टडमध्ये. टबाच्या काठापासून पाव इंच फट ठेवावी, नाहीतर बोर्ड खालचे पाणी वर ओढून घेतो. ती फट शेवटी सिलिकॉनने बुजवायची. सांध्यांवर जाळीची टेप आणि थिनसेट. यात सांगण्यासारखे काही नाही, पाठ मात्र दुखते.

खरी मेख पुढे आहे. सिमेंट बोर्डातून पाणी जाते. हे वाक्य पुन्हा वाचावे. तो भिजतो, पाणी पितो, पलीकडे सोडतो. फक्त त्यापायी कुजत किंवा फुगत नाही. लाकडाला हा गुण नाही. म्हणून पाणी अडवण्याची सोय वेगळी करावी लागते : एक तर बोर्डाच्या मागे प्लास्टिकचा कागद, नाहीतर पुढून जलरोधक लेप. माझे मत लेपाला. ब्रशने, सारवल्यासारखे दोन हात द्यावेत. त्यातला एक प्रसिद्ध लेप ओला असताना गुलाबी असतो आणि वाळला की लाल होतो, त्यामुळे दुसरा हात कधी द्यायचा हे सासऱ्यांनाही विचारावे लागत नाही.

इथे मराठी घराचा मूलमंत्र आड येतो : असू दे. मागे प्लास्टिक असू दे, पुढे लेपही असू दे, वाया थोडंच जाणार आहे? जाते. दोन्हींच्या मधे शिरलेल्या ओलीला ना पुढे वाट राहते ना मागे, आणि बोर्ड मधल्या मधे ओलाच राहतो. दोहोंपैकी एकच. सासूबाईंनी सुचवले तरी एकच.

यानंतर टाइल. ते तुलनेने दिखाऊ काम असल्याने त्यासाठी मिस्त्री बोलवावा. तो आल्याबरोबर भिंतीला लेव्हल लावेल, दोन पावले मागे सरेल आणि विचारेल, "हे कुणी केलं?" इथे स्वराकडे नीट लक्ष द्यावे. स्वर कौतुकाचा असेल तर स्वतःचे नाव सांगावे. नसेल तर सासऱ्यांचे. मात्र मिस्त्रीची तारीख त्यांचे विमान सुटल्यानंतरचीच घेतलेली असावी.