गुलाबी डबे अन् नंदोयाची बाटली

"काकू, कपडे टाकून झाले असन तं या जरा भिंतीपाशी. अकोल्याच्या साखरपुड्याचं सांगायचं हाय."

"आली व. पोट्टीकडच्यायनं मानपान नीट केलं ना?"

"मानपान राहू द्या. पुण्याचा भाचा आला होता ना, त्यानं बॅगेतून गुलाबी डबे काढले. नणंदबाईले वाटलं थंडा हाय. तिनं ते फ्रिजमधी मठ्ठ्याच्या गंजापाशी ठेवून देल्ले. अन् व्याह्यांच्या म्हातारीनं, ऊन लागलं म्हनून, एक फोडला!"

"अवं माय! मंग?"

"मंग काय, 'गोड हाय, पन नाकात झिनझिनते' म्हने. अन् दुसरा मागितला. तवा पोट्टं धावत आलं. वाईन होती ते!"

"डब्यात? वाईन तं बाटलीत राह्यते, बूच ठोकून. सिनेमात पाह्यतो ना आपन."

"आता पोट्ट्यायसाठी डब्यात आनली. सुला कंपनीची डिया हाय, फ्रॅटेली कंपनीची टिल्ट हाय, असं भाचा सांगू रायला होता. डिया तं गोडसर, बुडबुड्याची, कमी कडक. बूच काढाचा स्क्रू लागत नाई, उंच गिलास लागत नाई, अन् अख्खी बाटली संपवाची फिकीर नाई."

"म्हंजे लहानपनी चव लावून द्याची, का गिऱ्हाईक जन्माचं बांधलं."

"लहानपनी नाई काकू. आपल्या राज्यात वाईन-बिअरले २१ वर्सं पुरे लागते, बाकीच्या दारूले २५."

"अन् पाह्यते कोन?"

"ते मले नोका विचारू. पन टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाई, म्हनून सुलावाल्यायनं जत्रा भरवली. राजीव सामंत अमेरिकेत शिकून, नोकरी करून आले अन् १९९९ मधी नाशिकले सुला काढली. २००८ पासून सुलाफेस्ट सुरू केला. मळ्यात गानं-बजावनं, द्राक्षं पायानं तुडवनं, सारं हाय. पोट्टे गाने आयकाले जाते अन् फोटोत गिलास येते. तो फोटो हजार जनाले दिसते, कंपनीले कायचीच जाहिरात करा लागत नाई."

"पन पोट्ट्यायच्याच मांगं काऊन लागले व?"

"तिकडं परदेशात जुने गिऱ्हाईक म्हातारे झाले, अन् नवे पोट्टे कमी पेते. २०२४ मधी साऱ्या जगाचा वाईनचा खप १९६१ पासूनचा सगळ्यात कमी होता. आपल्याकडचं अलग हाय. फ्रान्समधी आजाची सवय नातवाले लावा लागते. आपल्या आजानं वाईन पायलीच कुठी? इथी भाचाच घरातला पयला गिऱ्हाईक."

"अन् तुहे नंदोई? ते तं मोठे शौकीन म्हनवते."

"त्यायचीच तं खरी गंमत! २०१२ मधी ते नाशिकले गेले होते, तवा एक लाल बाटली आनली. शोकेसमधी गनपती अन् कपबश्यायच्या मधात उभी करून ठेवली. 'जितकी जुनी तितकी भारी,' असं आल्या-गेल्याले सांगत. परवा साऱ्यायसमोर खोलली तं बुचाचा चुरा झाला. चाळनीनं गाळली. रंग कोऱ्या चहासारखा, अन् वास आला सिरक्याचा. व्याही म्हनाले, 'लोनच्यात टाका.'"

"जुनी भारी राह्यत नाई का मंग?"

"बहुतेक वाईन वर्स-दोन वर्सात पेवाचीच राह्यते. टिकते ते वेगळी, जिच्यात आंबटपना अन् सालीचा तुरटपना भरपूर असते. बुचाची असन तं आडवी ठेवाची, का बूच ओलं राह्यते. अंधारात, १२-१५ अंशात. अकोल्याचा मे महिना तुमाले ठाऊकच हाय, पारा ४५ च्या वर. शोकेसमधी बाटली शिजलीच असन."

"अन् लेबलावरचं साल?"

"ते द्राक्षं तोडल्याचं. युरोपात तोडनी सप्टेंबर-ऑक्टोबरले. आपल्याकडं पावसात द्राक्ष सडते, म्हनून पावसानंतर छाटनी करते अन् जानेवारी ते मार्चमधी तोडते. अकलूजकडच्या फ्रॅटेलीची सेट्टे नावाची वाईन हाय, ते राखून ठेवाच्या हिशेबानंच बनवते. जानकार लोक एकाच वाईनच्या वेगवेगळ्या सालाच्या बाटल्या ओळीनं मांडून चाखते, कोन्ती सुधरली अन् कोन्ती उतरली ते पाह्यते. आपल्या नंदोयानं नुसतं साल जपलं, वाईन नाई जपली."

"म्हंजे पोट्ट्यायले 'आजच पे' म्हनून विकते, अन् नंदोयाले वाटते राखली का किंमत वाढते. एकाले तरुनपन पाह्यजे, एकाले मोठेपन. वाईनचं कोनालेच पडलं नाई."

"बराबर बोलल्या!"

"बराबर कायचं? गाडगेबाबाची समाधी आपल्या गावात, तुकडोजी महाराजांची मोझरी हाकेवर, शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. अन् आपन सकाळी सकाळी भिंतीपाशी वाईनच्या गप्पा करू रायलो."

"सरकारनं तं पार किराना दुकानापर्यंत आनली होती ना. जानेवारी २०२२ मधी मंत्रिमंडळानं ठरवलं, का हजार चौरस फुटाच्या वरच्या दुकानात वाईनचं कपाट चालन. शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हने. अण्णा हजारे उपोषनाची भाषा बोलले, लय बोंब झाली, अन् ते कागदावरच राह्यलं."

"कोन्त्या शेतकऱ्याच्या भल्यासाठी व? आपल्या वऱ्हाडात कापूस, सोयाबीन, संत्रा. बांगलादेशनं संत्र्यावर कर वाढवला अन् भाव पडला, तवा वरूड-मोर्शीच्या शेतकऱ्याचं भलं कोनाले आठवलं? माह्या भावाची बाग हाय तिथी, मले इचार. माल झाडालेच राह्यला होता."

"मंग काकू, उद्या वरूडले संत्र्याच्या वाईनचा कारखाना आला तं? विरोध करसान?"

काकूनं चिमटे टोपल्यात टाकले, इकडं-तिकडं पायलं अन् आवाज खाली आनला.

"पोट्ट्यायले विकू नोका म्हनीन. पन आधी इचारीन, किलोले काय भाव देता?"