भोवरा

“बैल एकदम मस्त काढलाय,” टॅबलेट हातभर लांब धरत दादूस म्हणाले, “पन यो कोनाचा?”

दीड महिना घालवला होता मी त्या बैलावर. दिवसभर गोदामात आवक-जावक लिहायची आणि रात्री जेवणं उरकली की टॅबलेट मांडीवर घेऊन बैलाच्या अंगावर एकेक केस उगवायचा. “स्वतःच्या डोक्यावर एवढी मेहनत घेतली असती तर?” असं बायको एकदा म्हणाली. कलावंताच्या घरात ही एवढी चेष्टा चालायचीच. पण “यो कोनाचा?” ही चेष्टा नव्हती, चौकशी होती.

दोष सगळा माझ्या कीर्तीचा. अख्ख्या राहनाळ गावात संगणकावर प्राण्यांचे केस रंगवणारा मी एकटाच. दुसऱ्या कोणाला तशी गरज वाटलेली नाही, हा भाग वेगळा. माझ्याकडे नुसते केसांचे एकशे चाळीस ब्रश आहेत. त्यांतले सहा मी वापरतो आणि तीन मला कळतात. पर्शियन मांजर, वाघ, हिमालयातला लांडगा, सगळं करून झालं होतं. बर्फ मी आजवर पाहिला तो मासळीबाजारात, तरी माझ्या लांडग्याच्या मिशांवर तो काय भुरभुरतो! त्यामुळे दादूस बैलाच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी चित्र मागायला आले, तेव्हा मी जरा आढेवेढे घेऊनच होकार दिला. मोठ्या माणसाने लगेच हो म्हणू नये.

पद्धत कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. नवशिका थेट केस काढायला बसतो आणि त्याच्या प्राण्याचा खराटा होतो. आधी केस विसरायचे. अंगाचा गोलावा, उजेड, सावली एवढंच मोठ्या ब्रशने बसवायचं. मग वेगळ्या लेअरवर बाणांचा नकाशा काढायचा: नाकाडावरून वर, कपाळावरून बाजूला, मानेवरून मागे, पोटाकडे खाली. केस एकेकटे राहत नाहीत, झुपक्यांनी राहतात. म्हणून आधी झुपक्यांच्या सावल्या, त्यावर मधला रंग, आणि अगदी शेवटी, हात आखडता घेऊन, उजेडातले मोजके केस. पेन टेकवताना जोर, उचलताना हलका, म्हणजे टोक निमुळतं होतं. सगळीकडे केस दाखवायचे नाहीत. उजेड संपून सावली सुरू होते त्या सीमेवर आणि अंगाच्या कडेला दाखवले की बाकीचे बघणारा मनातल्या मनात काढून घेतो.

हे सगळं लांब केसांच्या जनावराला लागू. दादूसांचा बैल खिल्लार. केस बोटाच्या पेरापेक्षाही आखूड आणि अंग असं चकचकीत की जणू चिनी मातीची बरणी. माझे एकशे चाळीस ब्रश बघत राहिले. शिवाय पांढरा बैल पांढरा नसतोच. पोटाखाली निळसर, मानेवर राखाडी, मांडीवर शेणामुळे पिवळसर. शेणाचा डाग मी आधी काढला, मग सौंदर्यदृष्टीने पुसला.

आता दत्ताच्या कुत्र्यांबद्दल बोलायलाच हवं. माझी सगळी कला तिथून निघाली. आमच्या जुन्या घरात दत्ताची तसबीर होती. मागे गाय, पायाशी चार कुत्रे. चार कुत्रे म्हणजे चार वेद, असं आजीने सांगितलं होतं. पण वेदांना अंगावर केस का नाहीत, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. देवाच्या धोतराची चुणी न् चुणी दिसायची आणि कुत्रे मात्र नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे गुळगुळीत. पुढे समजलं की १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला (तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला), तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा आणि छटा ठिपक्या-ठिपक्यांनी उठवायच्या. दगडावर ठिपके देणारा कारागीर देवाच्या चेहऱ्याला जीव लावणार, की चौथ्या कुत्र्याच्या शेपटीला? मग चित्रकार मुळगावकरांचा जमाना आला. त्यांच्या स्प्रेने देवदेवतांची कांती अशी लोण्यासारखी झाली की कॅलेंडरांतली गायसुद्धा मऊ दिसू लागली. केस मात्र नाहीतच. २००१ साली अमेरिकेत ‘मॉन्स्टर्स इंक’मधल्या निळ्या राक्षसाला संगणकाने तेवीस लाखांवर केस दिले, प्रत्येक हलता. एका राक्षसाला तेवीस लाख आणि आमच्या चार वेदांना एक नाही! मी तेव्हाच ठरवलं, हा अन्याय दूर करायचा. दत्ताचे कुत्रे मी आजवर अकरा वेळा काढलेत. चौथ्याची शेपटी अजून जमत नाही.

असो. तर दादूस.

“कोणाचा म्हणजे? तुमचाच,” मी म्हणालो.

“माजा बैल उजव्या खांद्याचा. यो डावा. भवरा बगा, इकरं हाय त्याचा, तुमी तिकरं नेलाव.”

मी पाहिलं आणि घाम फुटला. चित्र उलटं करून बघायची आम्हा लोकांना सवय असते. आरशात पाहिल्यासारखं बघितलं की चुका लगेच दिसतात. एका रात्री मी चित्र उलटं केलं, मान सुधारली आणि सुलटं करायला विसरलो. तीन आठवडे तसाच, उलट्या बैलाला सुलटे केस लावत बसलो. शर्यतीच्या जोडीत कुठला बैल कुठल्या बाजूला पळतो, याला इथे केवढी किंमत! मी बैलाचा खांदाच बदलला होता.

बटण दाबलं. बैल क्षणात उजवा झाला.

“वा!” दादूसांचा चेहरा फुलला. “या बटनाचं काय ते पैसं घ्या.”

दीड महिन्याच्या केसांबद्दल अवाक्षर नाही.

मी जरा चिडूनच म्हणालो, एका भोवऱ्याने काय बिघडतंय? तर दादूस माझा हात धरून गोठ्यात घेऊन गेले. भोवरा कपाळावर असला तर काय, वशिंडाजवळ असला तर काय, शुभ कोणता, खोडकर बैलाचा कोणता, सगळं सांगितलं. मला ही अंधश्रद्धा वाटली. नंतर वाचलं की टेंपल ग्रँडिन या अमेरिकन संशोधिकेने १९९५ साली गुरांच्या कपाळावरच्या भोवऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली गुरं पकडल्यावर जास्त बिथरताना दिसली. शुभाशुभाचं माहीत नाही, पण खोडकर बैलाच्या बाबतीत दादूसांचं अगदीच चुकत नव्हतं.

माझा पंजा वशिंडाजवळ ठेवून ते म्हणाले, “फिरवा.” केस एका दिशेने जात होते आणि मध्येच बोटांखाली गर्रकन वळले. माझ्या नकाशात तिथे एक सरळ बाण होता. दादूस डोळे मिटून खरारा करत होते आणि हात नेमका तिथे आला की मनगट आपोआप वळत होतं.

२०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर २०२१पर्यंत राहिली. त्या सात वर्षांत दादूसांच्या दावणीला याच्या आधीचा बैल होता. शेत तोवर गोदामाखाली गेलं होतं. नांगराला काम नाही, शर्यतीला मुभा नाही. लोक हसायचे, गोदामाच्या भाड्यावर बैल पोसता म्हणायचे. हे रोज सकाळी खरारा करत राहिले. बंदी उठली तेव्हा तो बैल म्हातारा झाला होता, पळाला नाहीच. हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मला काय बोलावं सुचेना. माझं चित्र चार दिवस कोणी पाहिलं नाही तर मी पाचव्या दिवशी पेन टाकून देतो.

बॅनर छापून आला. पंधरा फुटी, अंजूर फाट्याला लागला. वर दादूस, खाली मित्रमंडळाचे चाळीस चेहरे, मध्ये बैल. फ्लेक्सवर माझे सगळे केस विरघळले होते आणि बरणी तेवढी उरली होती. भोवरा मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसत होता. कंटेनरवाले हॉर्न देत त्याच्यासमोरून जात होते.

पावसाळ्यात गोठ्याकडे गेलो, तर तोच फ्लेक्स पेंढ्यावर अंथरलेला, चार दोऱ्यांनी ताणून बांधलेला आणि नेमका उलटा. बैलाचे पाय आकाशाकडे. पावसाचं पाणी त्याच्या पोटावरून पाठीकडे, केसांच्या विरुद्ध दिशेने धावत होतं. खाली खरा बैल ओला पेंढा चघळत उभा.

मला राहवेना. दोरी सोडायला लागलो.

“र्‍हाऊ द्या,” दादूस आतून म्हणाले. “त्याला काय चित्र बगायचं नाय.”

दोरी हातातून सोडून दिली. पण आता सांगून टाकतो: रात्री पाऊस थांबल्यावर मी परत गेलो आणि तो फ्लेक्स सुलटा केला. सकाळी सगळा पेंढा भिजलेला होता. दोष वाऱ्यावर गेला.