डांबराचा अभिमान

बिअर झाली की पिंपाच्या तळाशी यीस्टचा गाळ उरतो. आपण तो मोरीत ओतला असता. मेलबर्नच्या सिरिल कॅलिस्टर या रसायनतज्ज्ञाने १९२२ मध्ये त्यातून व्हेजिमाइट हे पावाला फासायचं चाटण काढलं: रंग वंगणाचा, चव मिठागराची. सुरुवातीला कुणी विचारेना, म्हणून १९२८ मध्ये पुन्हा बारसं केलं, ‘पारविल’. तेही फसलं, जुनं नाव परत आलं.

आता म्हणे हीच ऑस्ट्रेलियाची ओळख! पाहुण्याने चमचाभर फासून तोंड वाकडं केलं की यजमान खूश. मग तो स्वतःच्या टोस्टवर भरपूर लोणी थापतो आणि वरून सुरीचं टोक नुसतं फिरवतो, अत्तर लावल्यासारखं. या अभिमानाची मालकी कित्येक दशकं अमेरिकी कंपनीकडे होती. २०१७ मध्ये ‘बेगा’ या ऑस्ट्रेलियातल्याच चीजवाल्यांनी ती विकत घेतली. लोण्याची सोयही घरातच झाली.