मेंढी सर

विषय कोणताही काढा, मेंढी सर चौथ्या वाक्याला गाभण मेंढीपाशी येऊन थांबतात. सुलतान बाजारातून मेट्रो न्यायची की नाही यावर हैदराबादेत रण पेटलं होतं, तेव्हा काचीगुड्याचा आमचा कट्टा दुकानदारांच्या बाजूनं तावातावानं बोलत होता. सर शांतपणे म्हणाले, "रस्ता आहे तेवढाच ठेवून गर्दी वाढवता येत नाही. गर्भाशयाची धमनी बघा. मेंढी गाभण राहिली की आधी ती रुंद होते, मग..." पुढचं ऐकायला मी आणि चहावाला असे दोघेच उरलो. चहावाल्याचे पैसे यायचे होते.

सरांचं खरं नाव विवेकवर्धिनी शाळेच्या एखाद्या जुन्या हजेरीपटावर सापडेल. आता ते टपालवाल्यालाही लागत नाही. राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात उभा जन्म शरीरक्रियाशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. घरात पिढ्यान् पिढ्या कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, पण दिवाणखान्यातल्या कपाटात ज्ञानेश्वरी आणि दासबोध यांच्या मधोमध फॉर्मॅलिनची बरणी. बरणीत मेंढीच्या वारेचा तुकडा. पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला येण्याआधी बरणी येते.

"हे नीट बघा. बाईची वार म्हणजे एक सलग चकती. मेंढीचं तसं नाही. सत्तर ते शंभर सुट्या गाठी! प्रत्येक गाठीत थोडा भाग आईचा, थोडा पिलाचा. गाईची गाठ फुगीर, मेंढीची खोलगट. बरणी हलवून बघता?"

काकू आतून ओरडतात, "अहो, त्यांना आधी पोहे तरी खाऊ द्या!"

"खाता खाता दिसतंच की," सर म्हणतात आणि बरणी पोह्यांच्या बशीशेजारी ठेवतात.

यानंतर आकडे येतात. सरांना नातवंडांच्या वाढदिवसाच्या तारखा आठवत नाहीत, पण हे आकडे झोपेतही चुकायचे नाहीत. गाभण नसलेल्या मेंढीच्या गर्भाशयात मिनिटाला जेमतेम २०-३० मिलिलिटर रक्त जातं. पाच महिने भरत आले की लिटरभर, कधी त्याहून जास्त. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला आधी एक टक्काही तिकडे वळत नसतो, शेवटी १५ ते २० टक्के वळतात, आणि त्यातलं बहुतेक सगळं रक्त थेट त्या गाठींना मिळतं. एवढं होऊन आईचा रक्तदाब वाढत नाही, उलट किंचित उतरतो. "मग हे घडतं कसं?" असं सर विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता सांगतात. इस्ट्रोजेन. गाभण नसलेल्या मेंढीलासुद्धा ते टोचलं तर दीड-दोन तासांत गर्भाशयाचा प्रवाह दहापटीपर्यंत चढतो. धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाट मोकळी होते.

"आपल्या गल्लीत मंजीराचं पाणी सुटतं तेव्हा काय करता?" (मंजीरा म्हणजे आपली मांजरा. ती बीड जिल्ह्यात उगम पावते, त्यामुळे हैदराबादच्या नळाला मराठी पाणी येतं असं सरांचं दुसरं लाडकं मत आहे.) "तोटी पूर्ण उघडून ठेवता. मग बादली किती भरणार हे तोटीच्या हातात राहत नाही. मागून दाब किती, त्यावर सगळं. गाभण मेंढीचंही तेच. तोटी आधीच जवळजवळ पूर्ण उघडी. आईचा दाब पडला की पिलाची बादली रिकामी."

इथवर ठीक. अडचण होते ती सर हे ज्ञान समारंभात वापरतात तेव्हा.

आमच्या ओळखीच्या एका घरी डोहाळजेवण होतं. फुलांचा झोपाळा, हिरवा शालू, आणि कोपऱ्यात भाच्यांनी आणलेला माणसाएवढा स्पीकर. पहिलं गाणं सुरू झालं आणि ठप्प झालं. वायर सरांच्या हातात होती.

"घाबरवलेल्या मेंढीच्या रक्तात नॉरॲड्रेनालिन चढतं. गर्भाशयाच्या धमन्या आवळतात. प्रवाह घटतो. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मोजलंय!"

सासूबाई कडाडल्या, "आमची सून काय मेंढी आहे?"

"नाही ना! तेच तर दुर्दैव," सर कळवळून म्हणाले. "मेंढीच्या धमनीभोवती प्रवाहमापक बसवता येतो. शुद्धीवर आली की ती उभी राहून चारा खाते, पिलू वाढत राहतं, आपण रोज आकडे टिपायचे. तुमच्या सुनेला असं काही करता येईल का?"

झोपाळ्यावरची सून तेवढी हसली. बाकी मंडपात शुकशुकाट. मग सरांनाच दया आली असावी. "घाबरू नका. प्रवाह निम्म्यावर आला तरी मेंढीचं पिलू मिळेल त्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतं. तेवढी शिल्लक निसर्गानं बाजूला ठेवलेली असते." आणि वायर स्वतःच्या हातानं परत जोडली. आवाज मात्र निम्म्यावर आणला.

त्याच सुनेचं सिझेरियन ठरलं तेव्हा सर बोलावल्याशिवाय रुग्णालयात हजर. भूल देणारा डॉक्टर पोरसवदा होता. सरांनी त्याला बाहेरच्या बाकापाशी गाठलं. "पाठीत इंजेक्शन दिल्यावर दाब उतरला तर काय देणार? एफेड्रिनच ना?"

"नाही सर. फिनिलेफ्रिन."

सरांचा चेहरा पडला, आणि तो का पडला हे सांगायलाच हवं. १९७० च्या दशकात गाभण मेंढ्यांवर ही औषधं तपासली गेली. इतर औषधांनी आईचा दाब चढे, पण गर्भाशयाच्या धमन्या आवळत. एफेड्रिननं प्रवाह टिकून राही. त्या मेंढ्यांच्या शब्दावर जगभरच्या भूलतज्ज्ञांनी पुढची कितीतरी वर्षं एफेड्रिन हाताशी ठेवलं. नंतर प्रत्यक्ष बायकांमध्ये पाहिलं तर एफेड्रिन वारेतून पलीकडे बाळापर्यंत जातं आणि त्याच्या रक्तातली आम्लता वाढवतं असं दिसलं. फिनिलेफ्रिन पुढे सरकलं. सरांना हे सगळं पाठ आहे. पण मेंढी हरली हे कबूल कसं करायचं?

"मेंढी चुकली नव्हती," ते शेवटी म्हणाले. "तिला रक्तप्रवाह विचारला होता, तिनं रक्तप्रवाह सांगितला. बाळाचं तुम्ही विचारलंच नाही." आणि डॉक्टर निसटायच्या आत दुसरा हल्ला. "आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइड टोचता ना? ते कुठून आलं? ऑकलंडच्या लिगिन्सच्या कोकरांकडून! १९६९!"

डॉक्टरनं चक्क वाकून नमस्कार केला आणि आत पळाला.

सरांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं. २०१७ मध्ये तेलंगण सरकारनं गोल्ल-कुरुमा या मेंढपाळ समाजांतल्या कुटुंबांना ७५ टक्के अनुदानावर वीस मेंढ्या आणि एक नर द्यायला सुरुवात केली. सरांच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा शिरला. मला गाडीत घालून ते सिद्दीपेटकडच्या एका गावी गेले आणि बाभळीखाली बसलेल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला तेलुगूत वार समजावू लागले. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गरोल मेंढीतलं जनुक दख्खनीत आणून जुळी वाढवली, पण गाठी वाढत नाहीत, तेवढ्याच गाठींत वाटेकरी दोन, म्हणून अशा मेंढीला खुराक जास्त हवा, असं बरंच काही. म्हातारा विडी ओढत ऐकत होता.

मग म्हणाला, "उन्हाळ्यात गाभण असली की कोकरू बारीक निघतं, सार. भर दुपारी चारायची नाही. सावलीत बसवायची."

सर उडालेच. "अरे, हेच! उष्ण खोल्यांत मेंढ्या ठेवून लोकांनी हे शोधलं. उन्हानं वारच लहान राहते, रक्त कमी पोचतं, पिलू खुरटतं!"

"मग त्यावर औषध काय, सार?"

सर विचारात पडले. "सावली."

"तेच मी बोललो," म्हातारा म्हणाला आणि दुसरी विडी पेटवली. तिथले लोक आता त्यांना 'गोर्रे सार', म्हणजे मेंढी सरच, म्हणतात. काचीगुड्यात परत येईपर्यंत सरांनी तो संवाद मला दोनदा ऐकवला, आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्याला जिंकू दिलं. एफेड्रिनच्या बाबतीत त्यांनी हा मोठेपणा अजून दाखवलेला नाही.

तर तुमच्याकडे डोहाळजेवण असेल तर सरांना जरूर बोलवा. आहेर चांगला आणतात, पंगतीत पुरणपोळी मोजून खातात, आणि गर्भार मुलगी दमलेली दिसली तर गर्दी हटवून तिला आडवं व्हायला लावणारा मंडपात तो एकच माणूस असतो. स्पीकरची वायर तेवढी उंचावरून न्या. आणि बरणी घरीच राहील याची खात्री काकूंकडून करून घ्या. सरांना सांगून उपयोग नाही.